डोळे मिटलेल्या मांजरांची वाटणी

लिहून ठेवणार: मल्लव्वा शिवपुत्र कुंभार, वय वर्षे ७३, धंदा मातीकाम, राहणार कुंभार वेस, सोलापूर.

मी वर लिहिलेली मल्लव्वा आज गुरुवारी सकाळी चहा पिऊन, तिन्ही गोळ्या घेऊन, पूर्ण भानावर असताना हे मृत्युपत्र सांगत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणायला या घरात कोणाला सवडच नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी स्मरणशक्ती चांगली असल्याचे त्यात लिहिले आहे. ती थोडी कमी चांगली असती तर बऱ्याच लोकांची सोय झाली असती.

माझा उजवा हात कापतो, म्हणून मजकूर आमच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक रेवणसिद्ध गुरुजी लिहीत आहेत. मी बोलेन तसेच लिहायचे असे ठरले आहे, तरी त्यांचा हात मधेमधे शुद्ध करायला जातो. 'लई'चे 'अतिशय' केले तर वाचून दाखवताना मला कळते, हे गुरुजींनी लक्षात ठेवावे आणि हे वाक्यही लिहावे.

यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. दहा वर्षांपूर्वी एकदा रागाच्या भरात तोंडी केले होते आणि त्यात सगळे कुत्र्याला दिले होते. ते रद्द समजावे.

कलम एक: माझा देह. आमच्या रीतीप्रमाणे मला विभूती लावून, बसवून पुरावे. माझे गुडघे धरलेले आहेत, तेव्हा मांडी घालताना फार ओढाताण करू नये. सोबत माझे एकही मातीचे कुत्रे किंवा मांजर ठेवू नये. पुण्याची माणसे उकरून नेतील.

कलम दोन: घर. वरच्या दोन खोल्या माझा मुलगा प्रभुलिंग याला द्याव्यात. तो टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, निर्व्यसनी आहे आणि त्याला नकाशे काढून आणायची हौस आहे. परसातली माझी कामाची खोली पाडून तिथे मोबाइलचे दुकान बांधायचा नकाशा त्याने आजवर तीनदा आणला. तिन्ही नकाशांत माझ्या भट्टीच्या जागी मोटारसायकली उभ्या होत्या. तिसऱ्या वेळी मला म्हणाला, आता मातीत काय राहिलंय. लहानपणी हाच पोरगा भिंतीची माती खरवडून खायचा, तेव्हा त्याला मातीत पुष्कळ काही दिसत होते. कामाची खोली त्याला देत नाही. ती कोणाला, ते कलम सहामध्ये येईल.

कलम तीन: चाक. माझे पती कै. शिवपुत्र यांचे चाकही प्रभुलिंगालाच द्यावे. त्याने ते एकदाही फिरवलेले नाही, पण तो पुरुष आहे, एवढी लायकी आमच्या घरात पुरत आली आहे. लग्न होऊन आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. तेव्हापासून ते गेले तोपर्यंत एकोणचाळीस वर्षे मी माती भिजवली, तुडवली, मडकी भाजायचा आवा लावला, धूर खाल्ला, मे महिन्याच्या उन्हात डोक्यावर पदर घेऊन बाजारात माठ विकले. पण बाईने चाकाला हात लावायचा नाही. हा नियम आमच्या वन्सं काशम्मा यांनी डोळ्यांत तेल घालून पाळला. एकदा केरसुणी मारताना माझा पाय चाकाला लागला, तर त्यांनी मला दोन दिवस त्याची पूजा करायला लावली होती.

मग माझ्या वाट्याला हाताने करायची कामे आली. बेंदराच्या सणाचे बैल, चुली, पणत्यांवरचे नक्षीकाम. दरवर्षी गड्ड्याच्या यात्रेत देवाशी लागणाऱ्या कुंभाराच्या लेकीच्या लग्नाला सगळे शहर अक्षता टाकायला लोटते, आणि दुसऱ्या दिवशी तेच शहर माझ्याकडे माठाला टिचक्या मारून पाच रुपये कमी करा म्हणते. असो. सांगायचे ते हे की, गोल ते सगळे चाकाचे आणि म्हणून पुरुषांचे. चाकावर चौकोन होत नाही. तो तेवढा माझ्यासाठी मोकळा राहिला. पुढे माझ्या चौकोनांवर एका विद्वान गृहस्थांनी चार पानांचा लेख लिहिला. त्यात चाकाविषयी एक अक्षर नव्हते.

कलम चार: खोक्या आणि डबडी. या दोन मूर्ती विकायच्या नाहीत. कामाच्या खोलीतल्या वरच्या फळीवर त्या आहेत, तिथेच राहतील.

पती गेले त्या वर्षी शेजारचे किराणा दुकानदार कल्लप्पा यांनी मला साबणाच्या खोक्यातून एक कुत्र्याचे पिल्लू आणून दिले. रडणाऱ्या बाईला काय द्यावे हे न सुचल्यामुळे दिले, असे ते स्वतःच सांगतात. पिल्लू खोक्यातून बाहेर यायला तयार नव्हते, म्हणून त्याचे नाव खोक्या. मोठे झाले तरी त्यातच बसायचे. अर्धे कुत्रे आत आणि अर्धे बाहेर. पुढे एक मांजरी आली, ती कापलेल्या तेलाच्या डब्यात झोपायची. तिचे नाव डबडी.

खोक्या मेला तेव्हा त्याला लिंबाखाली पुरून आले आणि तशीच हातपाय न धुता बसले. बेंदराच्या बैलांची माती उरली होती. तिचा खोका केला आणि त्यात खोक्याला बसवले, अर्धा आत, अर्धा बाहेर. खोक्यावर छापलेले सगळे त्याच्यावर काढले. मी दुसरीपर्यंत शिकले. इंग्रजी अक्षरे मला चित्रासारखी काढावी लागतात. किंमत काढली, वजन काढले, उन्हापासून व पाण्यापासून दूर ठेवा हेही काढले. ते काढताना लई रडले. त्याच्या पाच वर्षे आधी नवऱ्यासाठी इतकी रडले नव्हते, हे काशम्मा वन्संनी तेव्हा गल्लीभर सांगितले होते. ते खरे आहे.

कल्लप्पांनी हसत हसत तो आपल्या दुकानात काचेवर ठेवला. पुण्याहून चादरी घ्यायला आलेल्या आरोही मॅडमनी तो तिथे पाहिला. त्यांचे पुण्याला कलादालन आहे. त्यांनी आधी मला शोधले, मग मला 'मल्लव्वा आजी' असे नाव दिले, मग विजेची भट्टी पाठवली. बाजाराच्या वेष्टनात अडकलेला मुका जीव, असे त्यांनी खोक्याबद्दल छापले. मी म्हटले, बाई, तो अडकला नव्हता, त्याला तिथं आवडायचं. तेही त्यांनी पुढच्या पुस्तिकेत छापले.

त्यानंतर मी पुष्कळ केले. शेंगाचटणीच्या पुड्याला टेकून झोपलेली मांजर, चहाच्या खोक्यावर चढलेला बोका, बिस्किटाच्या पुड्यात तोंड घातलेले कुत्रे. पुण्यामुंबईत लोकांनी ती काचेच्या कपाटात ठेवली. आमच्या गल्लीत लोकांनी मला थोडे सांभाळून बोलायला सुरुवात केली.

कलम पाच: मी जेवणाच्या पंक्तीला बसवलेली मांजरे केली आहेत, त्यांतली तिसरी वन्सं काशम्मा यांना द्यावी. शेजारच्या घरी जेवून येऊन स्वतःच्या घरी उपाशी असल्यासारखी बसलेली ती. वन्सं विचारतील की हीच का. तर सांगावे की मल्लव्वाने विचार करून दिली आहे.

कलम सहा: कामाची खोली, विजेची भट्टी, मातीचे हौद, फळ्या, झिलईचे डबे, सुया, चाकू आणि परसाचा वापर हे सगळे माझी सून सौ. अक्षता प्रभुलिंग कुंभार हिला द्यावे. प्रभुलिंगाने त्यात कोणताही हक्क सांगू नये आणि नकाशा तर मुळीच आणू नये.

अक्षता कोण, ते जरा सांगते. तिचे माहेर कुंभारी नावाचे गाव, पण वडील टेम्पो चालवायचे. तिच्या घरात पिढ्यान्पिढ्या कोणी माती हातात घेतलेली नाही. आली तेव्हा तिला मातीतला आणि चिखलातला फरक कळत नव्हता. दुपारी माझ्या शेजारी येऊन बसायची. का बसतेस विचारले तर म्हणाली, हितं गार वाटतं. मग मी तिला माती मळायला लावली, कारण फुकट गारवा कोणाला द्यायचा नाही ही आमच्या घरची शिस्त आहे.

पहिल्यांदा तिने बिस्किटाचा पुडा केला तो फूटपट्टीने अगदी मापात मोजून. कुंभाराच्या घरातले शेंबडे पोरही जाणते की माती सुकताना आणि भाजताना आकसते, म्हणून काम थोडे मोठे धरायचे असते. पुडा भट्टीतून निघाला तो दोन बोटे आखूड. मी पोट धरून हसले. ती रडवेली झाली आणि ताळा करायला कल्लप्पांच्या दुकानातून नवा पुडा घेऊन आली. मधल्या दोन महिन्यांत कंपनीने किंमत तीच ठेवून पुडाही दोन बोटे आखूड केला होता. तिचा मातीचा पुडा नव्या पुड्याशी तंतोतंत जुळला. आरोही मॅडमनी या आकसण्यावरच एक मोठे भाषण केले. ते माझ्या नावाने केले, आणि मी मान हलवत ऐकले.

आता इथून गुरुजींनी हळू लिहावे.

कलम सात. सन २०१९ च्या दिवाळीनंतर माझा हात कापायला लागला. त्याच वेळी पुण्याहून अकरा मांजरांची मागणी आली होती. पहिली मांजर मी केली, तिचे नाक कपाळावर गेले. दुसरीचे कान मी अक्षताला करायला सांगितले. तिसरीचे कान आणि पाय. सहावीपासून सगळे तिनेच केले. एका मांजरीच्या डोळ्यात सुई जास्त रुतली आणि डोळा फुटला, तेव्हा तिने त्यावर बोट फिरवून तो मिटवून टाकला. मग दुसराही मिटवला. मांजर झोपलेली झाली आणि अशी झोपली की आम्ही दोघींनी हातातले काम खाली ठेवले. माझ्या हातून तशी मांजर कधीच झाली नव्हती. त्यानंतर तिने एकाही जनावराचा डोळा उघडा ठेवला नाही.

बुडाला मी माझे नाव म्हणून 'म' काढत असे. अक्षताने विचारले की, बुडाला काय काढू. मी म्हटले, 'म' काढ, गिऱ्हाइकाला 'म' ओळखीचा आहे. तिने काढला. तो दिवस आणि आजचा दिवस, सहा वर्षे ती काढत आहे.

त्या जनावरांबद्दल पुस्तिकेत आले की उत्तरकाळात मल्लव्वा आजींची नजर अंतर्मुख झाली. मग एका संस्थेने मला पुरस्कार दिला. मंचावर एकाने विचारले की आजी, हे मिटलेले डोळे कसे सुचले. मी म्हटले, वय झालं की सगळ्यांनाच झोप येते. सभागृह हसले, टाळ्या वाजल्या. तिसऱ्या रांगेत माझ्या जेवणाचा डबा मांडीवर घेऊन अक्षता बसली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटली. आणि शालही आवडली. दोन्ही खरे आहे, दोन्ही लिहावे.

परत येताना गाडीत टेंभुर्णीपर्यंत ती डबा मांडीवरच धरून बसली होती. टेंभुर्णीला चहा घ्यायला उतरलो तेव्हा म्हणाली, आत्याबाई, शाल नीट घ्या, धुळीला लागतीया. मी रागावले तिच्यावर. काय चुकले होते तिचे, ते अजून मला सांगता येत नाही.

म्हणून मी जाहीर करते की सन २०१९ पासून 'म' अक्षराखाली विकलेली, पुरस्कार मिळालेली, छापून आलेली, डोळे मिटलेली सर्व कुत्री व मांजरे माझी सून अक्षता हिने केली आहेत. डोळे उघडे ती माझी. डोळे मिटलेली तिची. त्यांचे नाव, मान आणि पुढचे सर्व उत्पन्न माझ्या मृत्यूनंतर तिला मिळावे. ती माझ्या नावाची असल्याचे प्रभुलिंगाने, काशम्मा वन्संनी किंवा कलादालनाने कुठेही सांगू नये.

हे सांगून झाल्यावर गुरुजींनी पेन खाली ठेवले आणि मला विचारले, "मल्लव्वा, हे मेल्यावर कशाला? जितेपणी सांगायला काय झालं?"

मी त्यांना म्हटले की तुम्ही लिहायला बसला आहात, शिकवायला नाही. ते निवृत्त असले तरी शिक्षकच आहेत, ऐकेनात. तेव्हा मी खरे ते सांगितले. मी मेल्यावर हे कळले तर लोक जे काही म्हणतील ते मला ऐकावे लागणार नाही. तोपर्यंत शाली मला, आणि नंतर खरेपणाचे पुण्यही मला. मला हा हिशेब फार हुशारीचा वाटत होता. गुरुजींनी तो ऐकून घेतला, चष्मा पुसला आणि पेन पुन्हा उचलले. त्यांनी ओरडायला हवे होते.

कलम आठ: आमच्या घरी सध्या पुडा नावाचे कुत्रे आहे. त्याला रोज संध्याकाळी दुधात दोन बिस्किटे भिजवून प्रभुलिंगाने स्वतःच्या हाताने द्यावीत. बिस्किटे आणखी आखूड झाली तर तीन द्यावीत.

मजकूर येथे संपायचा होता. त्यापुढचे जे घडले तेही गुरुजींनी माझ्या सांगण्यावरून याच कागदाला जोडले आहे.

साक्षीदार म्हणून कल्लप्पा आणि आरोही मॅडम यांना बोलावले होते. मॅडम तशाही नवीन माल न्यायला आल्या होत्या. अक्षताला मी मुद्दाम मूर्ती गुंडाळायच्या रद्दीसाठी बाजारात पाठवले होते. मला वाचता येत नाही इतके बारीक, म्हणून वकिलांच्या सांगण्याप्रमाणे गुरुजी साक्षीदारांसमोर सगळे मोठ्याने वाचत होते. कलम सात आले आणि संपले. कल्लप्पा आढ्याकडे बघत राहिले. त्यांना बहुतेक सगळे आधीपासून ठाऊक होते. सूर्य उगवल्यापासून आमच्या दारासमोर दुकान उघडून बसणाऱ्या माणसाला काय ठाऊक नसते.

आरोही मॅडमनी पाणी मागितले. प्यायल्या. मग फार गोड आवाजात म्हणाल्या, "आजी, हे एक कलम सध्या बाजूला ठेवू या. जानेवारीतलं प्रदर्शन होऊ दे. पत्रिकेवर तुमचं नाव छापून झालंय."

मी खोटे सांगणार नाही. मला बरे वाटले. आणखी एक जानेवारी, आणखी एक शाल, मग बघू. मी हो म्हणायला तोंडही उघडले होते. तेवढ्यात मॅडमना आणखी चांगली कल्पना सुचली. त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्या म्हणाल्या की नाहीतर दोघींचे नाव टाकू, सासू आणि सून, एकाच मातीतल्या दोघी. लोकांना ही गोष्ट फार आवडेल, कदाचित आधीच्यापेक्षा जास्त. इतक्या वर्षांत मी खोके आणि पुडे केले, पण इतक्या लवकर नवे वेष्टन चढवताना मी कंपनीलाही पाहिलेले नाही. आणि तेही मला चांगलेच वाटले. त्यात माझी अर्धी शाल शिल्लक राहत होती.

"दोघींचं न्हाय," असे दारातून ऐकू आले.

अक्षता रद्दीचा गठ्ठा कमरेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. केव्हापासून, ते कोणी पाहिले नव्हते. आवाज चढलेला नव्हता. तिने मॅडमकडे किंवा माझ्याकडे पाहिलेच नाही. गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, ते सात नंबरचं परत वाचा."

गुरुजींनी पुन्हा वाचले, पहिल्यापासून, अकरा मांजरांपासून. ती गठ्ठा खाली न ठेवता ऐकत होती. वाचून झाले तेव्हा तिने आणखी एकदा वाचायला सांगितले. आरोही मॅडमनी घड्याळ पाहिले. गुरुजींनी तिसऱ्यांदा वाचले. या वेळी 'अक्षता हिने केली आहेत' एवढे त्यांनी दोनदा वाचले.

मी तिला विचारले, रागावलीस काय माझ्यावर. तिने गठ्ठा खाली ठेवला. म्हणाली, "व्हय, आत्याबाई. लई. सहा वर्सं झाली."

मग ती जमिनीवर बसून रडली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हात कापत होता. तो कापतो म्हणून तिने तो धरला नाही की बाजूलाही केला नाही.  कल्लप्पा दुकान उघडे असल्याचे सांगून बाहेर गेले आणि दुकानात न जाता दारातच उभे राहिले.

त्यानंतर मी भानावर असताना, पुन्हा सांगते, पूर्ण भानावर असताना पुढील दुरुस्ती केली आहे.

कलम सातमधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडले आहेत. त्यांच्या जागी 'आजपासून' असे वाचावे. छापलेल्या पत्रिका परत छापाव्यात. त्यावर माझे नाव कोणत्याही आकारात, कोणत्याही कोपऱ्यात, 'मार्गदर्शन' म्हणूनसुद्धा टाकू नये. मला प्रदर्शनाला बोलावले तर मी येईन आणि तिसऱ्या रांगेत बसेन. जेवणाचा डबा घरून आणीन.

ही खोडाखोड सर्वांसमोर झाली आहे. मृत्युपत्र मेल्यावर उघडायचे असते हे मला मान्य आहे. माझे थोडे आधी उघडले.

साक्षीदार:

१. कल्लप्पा शरणबसव हत्तुरे, किराणा दुकानदार, कुंभार वेस. सही केली.

२. आरोही दिग्विजय देशमुख, कलादालन चालक, पुणे. पत्रिका छापणाऱ्यास फोन करून आल्यावर सही केली.

लेखनिक: रेवणसिद्ध स्वामी, निवृत्त शिक्षक. मजकूर सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे. 'लई' कोठेही बदललेले नाही.

ठिकाण: सोलापूर. दिनांक: २० नोव्हेंबर २०२५, गुरुवार.

लिहून ठेवणार: मल्लव्वा शिवपुत्र कुंभार. सही वाकडी आली आहे. अक्षता कागद धरते म्हणाली, मी धरू दिला नाही. वाकडी असली तरी ही माझ्याच हाताची आहे.